किल्ली फक्त हुकूम देते

किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, की पाच मिनिटांत गाडीभोवती माणसे जमतात आणि प्रत्येकाकडे एक उत्तर तयार असते. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, सेल्फ जळला. तिसरा बॉनेटवर दोन थापा मारून सांगतो, डिझेल भेसळीचे असणार. चौथा काही न बोलता धक्का द्यायला मागे जाऊन उभा राहतो. गाडीला नजर लागली, असे म्हणणाराही एक असतोच. एवढ्या उत्तरांच्या गर्दीत प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. किल्ली फिरवल्यावर नेमके झाले काय?

शहरात या गोष्टीची किंमत फार नसते. कामावर जायला उशीर होतो, रिक्षा करावी लागते, दुपारपर्यंत मेकॅनिक येतो. आमच्या जामसरला हिशेब वेगळा आहे. पाड्यावर एखादीच जीप असते. तीच बाजाराला जाते, तीच लग्नाला, आणि रात्री कोणाला कळा सुरू झाल्या किंवा कोणाला साप चावला तर जव्हारला नेणारीही तीच असते. पावसाळ्यात घाटात झाड आडवे पडते, मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणी गाडी सुरू होणे ही एका मालकाची खासगी बाब राहत नाही. म्हणून मला वाटते, किल्लीपासून इंजिनापर्यंत काय काय घडते, हे ड्रायव्हरनेच काय, घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. अवघड काही नाही. दहावीच्या मुलाला पाऊण तासात समजावून देता येते.

आधी शब्दांकडे बघू. भाषेच्या मास्तरची ती सवयच. ‘चावी’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, त्यांच्या ‘शाव्ह’पासून. उर्दूत आपण ‘कुंजी’ म्हणतो, आणि परीक्षेच्या गाइडलाही कुंजीच म्हणतो. म्हणजे जी फिरवली की सगळे आपोआप उघडते, ती वस्तू. इथेच आपली समजूत चुकते. गाडीची किल्ली इंजिन फिरवत नाही. तिच्यात तेवढी ताकदच नसते. किल्ली फक्त हुकूम देते. तो हुकूम एका बारीक वायरमधून सोलेनॉइडपर्यंत जातो. सोलेनॉइड आतला जाड तांब्याचा संपर्क जोडतो. मग बॅटरीतला मोठा प्रवाह अंगठ्याएवढ्या जाड केबलमधून सेल्फच्या मोटरला मिळतो. मोटरचे छोटे दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकते आणि इंजिन फिरवते. इंजिन फिरले, की त्याला इंधन लागते आणि ते पेटायला ठिणगी किंवा दाब लागतो. एवढे सगळे जमले तर गाडी सुरू. मधल्या एकाने जरी निरोप पुढे पोचवला नाही, तरी आपण म्हणतो, ‘किल्ली लागत नाही.’

‘सेल्फ’ हा शब्दही मजेचा आहे. पूर्वी गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून हाताने इंजिन फिरवावे लागे. जुने ट्रक ड्रायव्हर अजून सांगतात, हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. ही कटकट अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने संपवली. त्याआधी तो दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विजेची मोटर तयार करत होता. गल्ल्याला मोटर दिवसभर लागत नाही, क्षणभर जोर लावला की काम झाले. हाच विचार त्याने गाडीला लावला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये पहिला यशस्वी इलेक्ट्रिक स्टार्टर आला. गाडी स्वतःच सुरू होते, म्हणून तो सेल्फ-स्टार्टर, आणि आपल्याकडे नुसता ‘सेल्फ’. या इतिहासात एक धडा आहे. सेल्फची मोटर क्षणभरासाठीच बनवलेली आहे. गाडी लागत नाही म्हणून अर्धा-अर्धा मिनिट किल्ली दाबून धरणारे लोक ती मोटर भाजून काढतात आणि बॅटरीही रिकामी करतात. एका वेळी दहा सेकंदांच्या आत. मग अर्धा मिनिट थांबायचे. तीन प्रयत्नांत लागली नाही, तर किल्ली काढायची आणि विचार सुरू करायचा.

हा विचार कसा करायचा, ते मी पुस्तकातून शिकलो नाही. ऑगस्टमधली एक रात्र होती, इशा होऊन गेलेली, पाऊस कोसळत होता. शेजारच्या पाड्यावरची एक मुलगी पहिलटकरीण, सकाळपासून कळा देत होती. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, परत यायला वेळ लागणार होता. जीपमध्ये तिला बसवले, सासू शेजारी बसली, मालकाने किल्ली फिरवली. टक्. फक्त एक टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. सात-आठ पुरुष जमले आणि वर सांगितलेली सगळी उत्तरे मिळू लागली. जीप उतारावर होती. धक्का मारून उताराला सोडू, खाली जाईपर्यंत लागेल, असे ठरायला आले होते.

जव्हारला एक गॅरेजवाले चाचा आहेत. चाळीस वर्षे हातात पाना धरलेला माणूस. रेंज मिळेल अशा कोपऱ्यात जाऊन मी त्यांना फोन लावला. सगळा प्रसंग सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवले. म्हणाले, “सर, माणसं काय म्हणतात ते राहू द्या. गाडी काय म्हणते ते सांगा.”

मी म्हटले, एकदाच टक् आवाज येतो.

“हेडलाइट लावायला सांगा. लागली? झगझगीत आहे? आता लाइट चालू ठेवून किल्ली मारू दे. लाइट मंद होते, पूर्ण जाते, की आहे तशीच राहते?”

मी ओरडून विचारले. उत्तर आले, लाइट एकदम जाते आणि किल्ली सोडली की परत येते.

“मग बॅटरी मेलेली नाही. टर्मिनल सैल आहे नाहीतर खाल्लंय. बॉनेट उघडा, बॅटरीच्या दोन्ही टोकांना हाताने हलवून बघा.”

वजा टोकाची क्लिप हाताने गोल फिरत होती. तिच्याभोवती पांढरी-हिरवट भुकटी साठली होती. दहा नंबरचा पाना शेजारच्या घरातून आला. क्लिप काढली, पॉलिश पेपरने आतून घासली, बॅटरीचे शिशाचे टोक चकचकीत होईपर्यंत खरवडले, पुन्हा घट्ट आवळली. किल्ली फिरवल्याबरोबर जीप लागली. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे गेली. रात्री उशिरा जव्हारहून निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. अल्हम्दुलिल्लाह.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जुम्यानंतर चाचांना भेटून विचारले, दिवे बघून तुम्हाला कसे कळले? त्यांनी दिलेले उत्तर इथे माझ्या शब्दांत मांडतो. हेडलाइटला थोडा प्रवाह पुरतो, काही अँपिअर. सेल्फला ओढायला शंभर-दोनशे अँपिअर लागतात, डिझेल गाडीला त्याहूनही जास्त. टर्मिनल सैल असले तर थोडा प्रवाह त्या फटीतून जातो, म्हणून दिवे छान लागतात आणि आपण फसतो. मोठा प्रवाह मागितला, की वाट तुटते आणि दिवेही जातात. बॅटरी खरोखर उतरलेली असेल, तर दिवे आधीच पिवळट असतात आणि किल्ली मारली की आणखी मंद होतात; सेल्फकडून एक टक् येण्याऐवजी बहुधा टक-टक-टक-टक अशी भराभर टकटक येते. सोलेनॉइड दर वेळी जोडू पाहतो, पण त्याला धरून ठेवण्याइतका जोर बॅटरीत नसतो. आणि दिवे झगझगीत आहेत, किल्ली मारल्यावर जरासुद्धा हलत नाहीत, आवाजही नाही, याचा अर्थ हुकूम सेल्फपर्यंत पोचलाच नाही. मग फ्यूज, रिले, किल्लीमागचा स्विच किंवा ती बारीक वायर बघायची.

मेकॅनिक लोक आणखी एक वाक्य वापरतात: ‘गाडीला अर्थ मिळत नाही.’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा मराठीचा मास्तर म्हणून मला हसू आले होते. त्यांचा ‘अर्थ’ म्हणजे बॅटरीच्या वजा टोकापासून गाडीच्या लोखंडी अंगाला आणि इंजिनाला जोडलेली केबल. वीज अधिक टोकाकडून गेली तरी तिला परतीची वाट लागते. ती केबल गंजली, तिचा बोल्ट सैल झाला, तर बॅटरी नवी, सेल्फ नवा आणि गाडी बंद. आमच्याकडे चार महिने पाणी आणि लाल चिखल. त्यामुळे अर्थचा बोल्ट हा पहिला संशयित. नवीन बॅटरी आणण्याआधी तो एकदा काढून घासावा.

बॅटरी जोखायची असेल, तर हातातला साधा मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घर असतात, प्रत्येक घराचे दोन व्होल्टच्या थोडे वर. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा पडतोच, पण तो साडेनऊ-दहाच्या खाली गेला तर बॅटरी थकली समजावे. आणि गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास दाखवायला हवे. तेवढे दाखवत नसेल, तर दोष बॅटरीचा नाही. तिला भरणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. हे न पाहता नवी बॅटरी बसवणारा माणूस पंधरा दिवसांत पुन्हा त्याच जागी उभा असतो.

बॅटरी उतरली आणि दुसरी गाडी जवळ असेल, तर केबल लावून सुरू करता येते. पण क्रम चुकवायचा नाही. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला. आणि शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, त्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. तो पेटला तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर येते. म्हणून बॅटरीवर वाकून विडी ओढणारा किंवा काडी पेटवून ‘जरा बघतो’ म्हणणारा जो कोणी असेल, त्याला आधी दूर करावे. टर्मिनल काढतानाही वजा टोक आधी काढायचे आणि लावताना शेवटी लावायचे, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी भडका होत नाही.

धक्क्याबद्दल बोललेच पाहिजे, कारण तो आपला राष्ट्रीय उपाय आहे. गियर हाताने टाकायची गाडी धक्क्याने लागते. ऑटोमॅटिक लागत नाही. किल्ली ‘ऑन’वर ठेवायची, दुसरा गियर, क्लच दाबून धरायचा, वेग आला की झटकन सोडायचा. सपाट रस्त्यावर दिवसाउजेडी हे ठीक आहे. पण इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबण्यांतच संपते आणि पॉवर स्टीअरिंग दगडासारखे जड होते. त्यात कोणी घाईत किल्ली बाहेर काढली, तर स्टीअरिंगला कुलूप लागते. म्हणजे पावसात, अंधारात, घाटाच्या उताराला, आत बाळंतीण असताना ज्या गाडीला आम्ही ढकलून देणार होतो, तिला ना पुरता ब्रेक होता ना वळण. त्या रात्री चाचांनी फोन उचलला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

आता दुसऱ्या जातीचा बिघाड. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन गरगरते, पण पेट घेत नाही. इथे बॅटरीला शिव्या देण्यात अर्थ नाही. तिने आपले काम केले आहे. बघायचे ते इंधन आणि आग. डिझेल गाडीत टाकी रिकामी होऊन पाइपात हवा शिरली असेल, तर नुसते डिझेल भरून भागत नाही. फिल्टरजवळच्या पंपाने हवा काढावी लागते. फिल्टरमध्ये पाणी साठले असेल तर ते सोडावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या हिवाळी पहाटे जुनी डिझेल गाडी पटकन लागत नाही, कारण थंड इंजिनात डिझेल पेटवायला आतले हीटर प्लग आधी तापावे लागतात. किल्ली ‘ऑन’ केल्यावर वेटोळ्यासारखा एक पिवळा दिवा लागतो; तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा. आणि भाताच्या दिवसांत एक खास स्थानिक संशयित असतो, उंदीर. गाडी चार दिवस खळ्याशेजारी उभी राहिली, की बॉनेटखाली घरटे होते आणि वायरी कुरतडल्या जातात. स्कॅनर लावण्याआधी टॉर्च लावून बघितले, तर अर्ध्या वेळेला गुन्हेगार शेपटीसकट सापडतो.

तिसरा प्रकार नव्या गाड्यांचा. गेल्या बकरी ईदला मुंब्र्याहून माझा मेहुणा नवी कार घेऊन आला. संध्याकाळी निघताना गाडी लागेना. किल्लीने दार उघडत होते, स्टीअरिंग सुटत होते, सेल्फ फिरत होता, इंजिन एक-दोन सेकंद लागून बंद पडत होते. पेट्रोल तपासले, फिल्टर काढला, प्लग काढले. सगळे ठीक. मीटरवर मात्र एक छोटा लाल दिवा सारखा मिचमिचत होता, गाडी आणि तिच्यावर किल्लीचे चित्र. मी विचारले, “भाईजान, ही किल्ली गाडीबरोबर आलेलीच ना?” तो म्हणाला, “नाही, ती घरी आहे. ही गेल्या आठवड्यात फुटपाथवर बनवून घेतली. सकाळी घरून निघताना घरच्याच किल्लीने चालू केली होती, मग ती बेगमच्या पर्समध्ये गेली, आणि ती मधल्या वाटेत माहेरी उतरली.”

कोडे सुटले. आजच्या किल्लीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीच्या भोकाभोवती तारेचे एक कडे असते. किल्ली घातली, की ते कडे रेडिओलहरींनी चिपला जागे करते आणि तिचा क्रमांक विचारते. उत्तर ओळखीचे असेल तरच गाडीचा कॉम्प्युटर इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात गाड्या चोरीला जाण्याचे प्रमाण फार वाढले, तेव्हा तिथे १९९८ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा झाला. पुढे आपल्याकडच्या गाड्यांतही तो आला. फुटपाथवरचा कारागीर किल्लीचे दात हुबेहूब कापतो. त्याच्या हाताची सफाई बघत राहावी. पण दातांनी फक्त कुलूप फिरते. चिप नसेल, तर गाडीच्या लेखी तो चोरच.

दुसऱ्या दिवशी तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती असली किल्ली आली आणि कार पहिल्या झटक्यात लागली. तेव्हा लक्षात ठेवायचे इतकेच: तो दिवा मिचमिचत असेल, तर इंजिन उघडू नका. दुसरी किल्ली लावून बघा. एकाच कड्यात दोन गाड्यांच्या किल्ल्या असतील तर वेगळ्या करा. दोन चिप एकदम बोलू लागल्या की गाडी गोंधळते. बटणाने सुरू होणारी कार ‘किल्ली सापडत नाही’ म्हणत असेल, तर रिमोटमधला बटणासारखा सेल संपला असण्याची शक्यता मोठी; बहुतेक गाड्यांत रिमोट त्या बटणाला टेकवून धरला की गाडी लागते. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न फिरणाऱ्या गाड्या आहेत. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असावी लागते. आणि किल्ली भोकात फिरतच नसेल, तर ती पिळून मोडू नका. स्टीअरिंगचे कुलूप अडकलेले असते. एका हाताने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची.

मेहुण्याची कार गेल्यावर मी बराच वेळ गॅरेजवाल्या चाचांचा विचार करत होतो. त्यांच्या पिढीचे कितीतरी कारागीर कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या गॅरेजांत आणि सुट्या भागांच्या दुकानांत पोरवयात हात काळे करून शिकले. त्याच कुर्ल्यात प्रीमियर कंपनीचा कारखाना होता आणि तिथेच पद्मिनी तयार होई. पद्मिनीत लपवण्यासारखे काही नव्हते. कार्बोरेटर, चोक, पॉइंट, चार पाने आणि एक पेचकस. नाकाने पेट्रोल ओळखणारा आणि कानाने टाइमिंग लावणारा निरक्षर कारागीरही तिचा डॉक्टर होता. आपल्या समाजातली किती घरे त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर आणि तिच्या दुरुस्तीवर उभी राहिली, ते मुंबईतल्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर एक विद्याही जाऊ लागली आहे. आता चिपचे कोडिंग करायला मशीन लागते, बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो, वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो.

चाचांना याचे दुःख आहे, पण ते रडत बसले नाहीत. त्यांनी धाकट्या पुतण्याला गॅरेजमध्ये बसवले नाही. आधी दहावी कर म्हणाले, मग आयटीआयला दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला घातले. “माझा कान आणि त्याचा स्कॅनर,” असे ते म्हणतात. मला हे वाक्य फार आवडते. स्कॅनर कोड दाखवतो, पण टर्मिनल सैल असले की तोच स्कॅनर दहा खोटे कोड दाखवतो. तिथे कान लागतो. ‘पोराला गॅरेजला लावतो, शाळेत काय ठेवलंय’ असे सांगायला जे पालक माझ्याकडे येतात, त्यांना मी चाचांचा पत्ता देतो. गॅरेजला जरूर लावा. पण आजच्या गॅरेजला वाचता येणारा मुलगा लागतो.

नजरेचे आणि नशिबाचेही थोडे बोलतो. बिस्मिल्लाह म्हणून किल्ली फिरवणारा मीही आहे. पण उंटवाल्याची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले होते. आमच्या गावात उंट म्हणजे जीप, आणि तिचा दोर म्हणजे टर्मिनलचा दहा नंबरचा नट. पावसाळ्याआधी तो उघडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावा, कोरडा करून आवळावा, वर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. गाडीत एक पाना, एक टॉर्च, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जंपर केबल ठेवावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावी. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवून बॅटरी भरत नाही. आणि रात्री कोणाला न्यायचे असेल, तर एकाने १०८ ला फोन लावत राहायचा आणि दुसऱ्याने गाडी बघायची. दोन्ही कामे एकदम.

एवढे सगळे नीट केले, तरी एक दुवा उरतो, आणि आमच्या भागात तोच सगळ्यात कच्चा आहे. दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांचाही कर्ता पुरुष कामासाठी बाहेर असतो. जानेवारीत पाड्यावर फिरा. दारात गाडी उभी दिसेल, बॅटरी भरलेली, टर्मिनल घट्ट, किल्ली खुंटीला टांगलेली. आणि घरात ती फिरवायला कोणी नाही. म्हातारे आहेत, मुले आहेत, बायका आहेत. ज्यांना कळा येणार त्याही तिथेच आहेत.

म्हणून या ईदनंतर मी घरी एक गोष्ट सुरू केली. रोज असर आणि मगरिबच्या मध्ये बेगम शाळेच्या मैदानाशेजारच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकते. लर्निंग लायसन्स हातात आहे. पहिल्या दिवशी लोक बघायला जमले होते. आता जमत नाहीत. परवा गाडी लागेना, तेव्हा मी उतरायच्या आत तिने हेडलाइट लावली, पुन्हा किल्ली मारली आणि म्हणाली, “लाइट हलत नाही. मी क्लच पुरता दाबला नव्हता.” शेजारच्या दोन भाभी मागच्या सीटवर बसून हे बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारले आहे, फॉर्म कुठे भरायचा.